लायब्ररी बोर्डाची उमेदवार

निकालाच्या संध्याकाळी मी माझ्या मैत्रिणीच्या घरी निघाले होते, तेवढ्यात तिचा फोन आला.

"घरी येऊ नकोस. गॅस स्टेशनपाशी थांब, मी चालत येते."

घरी मराठी मंडळातल्या काकू बटाटेवडे तळत होत्या. तिच्या लेकीनं दिवाणखान्यात फुगे लावले होते. आणि ज्या उमेदवारासाठी हे सगळं चाललं होतं, ती स्वेटरवर नवऱ्याचं जाड जॅकेट चढवून माझ्या गाडीत येऊन बसली.

"हरले तर एवढ्या सगळ्यांचे चेहरे कसे बघू, यार? कुठेतरी चल, जिथे मला कोणी ओळखत नाही."

अमेरिकेतल्या नोव्हाय शहराच्या पुढे आमची टाउनशिप, म्हणजे छोटं गाव, आहे. तिथल्या लायब्ररीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या निवडणुकीला ती उभी होती. नागपूरहून ती इथे आली तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि तिला गाडी चालवता येत नव्हती. फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेनं लेकीचा स्ट्रोलर ढकलत ती एकाच ठिकाणी जाऊ शकायची, ती म्हणजे लायब्ररी. तिथे तिच्याशी कोणीतरी रोज बोलायचं. पुढे सिटिझनशिप मिळाली आणि त्याच सुमारास लायब्ररी संध्याकाळी लवकर बंद करायची चर्चा सुरू झाली. तिनं अर्ज भरला. माझं अजून ग्रीन कार्डच आहे, मला मत देता येत नाही. म्हणून मी ड्रायव्हर झाले. सबंध ऑक्टोबर ती दारोदार फिरली आणि मी गाडीत हीटर लावून बसले.

त्या संध्याकाळी आम्ही गेलो त्या पहिल्या बारमध्ये सगळ्या टीव्हींवर आइस हॉकी होती. न्यूज लावाल का, असं विचारल्यावर बारटेंडर म्हणाला, "आज रात्री नाही. लोक भांडतात." आम्ही एकेक कोक पिऊन बाहेर पडलो. त्याच रस्त्यावर पुढे दुसरा बार होता. तिथे न्यूज चालू होत्या, पण राज्यांचे लाल-निळे नकाशे आणि तावातावानं बोलणारी माणसं. आमची निवडणूक त्यात कुठली दिसायला? बारमधल्या मुलीला सांगितलं तेव्हा तिनं कोपऱ्यातल्या लहान टीव्हीवर लोकल चॅनल लावून दिलं. खाली पट्टीवर शाळा, पाणीपट्टी, रस्ते असे निकाल सरकत होते. आम्ही फ्राइज मागवले आणि मान वर करून बसलो.

शेजारच्या स्टुलावर एक थोराड माणूस होता. तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मी जरा सावध झाले. मग तोच म्हणाला, "तुम्ही आमच्या दारी आला होतात. लायब्ररीवाल्या."

ती म्हणाली, "हो. मोठा कुत्रा आहे ना तुमचा?"

"तुमचं पत्रक त्यानंच खाल्लं." तो ओशाळून हसला. "खरं सांगतो, मत मी दुसऱ्याला दिलं. बायकोच्या नात्यातला आहे."

मला त्याचा राग आला. ती मात्र म्हणाली, "नात्यातला असल्यावर द्यावंच लागतं. आमच्याकडेही असंच असतं." मग तिनं कुत्र्याचं वय विचारलं. त्यानं फोनवर फोटो दाखवले, कुत्र्याच्या दुखऱ्या पायाचं सगळं सांगितलं आणि तीही मन लावून ऐकत राहिली.

ती फोटो बघत असतानाच पट्टी आली. लायब्ररी बोर्ड. तिचं आडनाव पट्टीत पूर्ण मावलंच नव्हतं. पण मतांत ती मागे होती आणि निकाल पक्का होता. तिनंही वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि गार झालेला एक फ्राय उचलून खाल्ला. त्या माणसानं टीव्हीकडे बघून टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "पुन्हा उभ्या राहा. तेव्हा आमच्या नात्यातलं कोणी नसेल."

तिच्या घरासमोर गाडी थांबवली, तरी ती उतरेना. खिडक्यांत दिवे होते, आत माणसं हिंडताना दिसत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नागपूरहून वडील. तिकडे सकाळ झाली होती. लेक अमेरिकेत निवडणुकीला उभी आहे, हे त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी पडले."

ते म्हणाले, "पडली? कुठं लागलं तर नाही ना, बेटा?"

"नाही."

"मग झालं तर. जेवलीस का?"

इतका वेळ कोरडी राहिलेली माझी मैत्रीण तेव्हा रडली. रडता रडता हसलीही. मी तिचा हात धरून बसले. वडील पलीकडून थंडी किती आहे, जॅकेट घातलं आहे का, असं एकेक विचारत राहिले आणि ती नाक पुसत उत्तरं देत राहिली.

मग आम्ही आत गेलो. निकाल सगळ्यांना आधीच कळला होता. लेकीनं नुसतं "ओह, मॉम" म्हणून तिला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. कोणी सांत्वन केलं नाही. सोफ्यावरचे लोक थोडे थोडे सरकले आणि त्यांच्यामध्ये आम्हा दोघींपुरती जागा झाली. एक काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी पुन्हा तेल तापायला ठेवलं.