गाण्यामागचं बोलणं

आमचा एक रूमपार्टनर राजापूरचा, आखातात मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये कामाला. त्याचा फोनवर काडीचा विश्वास नव्हता. "एक्स्चेंजवाले सगळं ऐकतात," म्हणायचा. म्हणून तो गावी जाणाऱ्या कुणाबरोबर तरी बायकोला कॅसेट पाठवायचा. बाजारातून गाण्यांची डुप्लिकेट कॅसेट आणायची, पुन्हा रेकॉर्ड व्हावी म्हणून खाचेवर चिकटपट्टी लावायची, पहिलं गाणं तसंच ठेवायचं आणि त्याच्या पुढे आपलं बोलणं भरायचं. "नेणाऱ्याने लावून बघितली तरी गाणंच लागेल. खलास."

शुक्रवारी तो आम्हा तिघांना बाहेर काढून दार लावून घ्यायचा. पण दिवसभर मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. "तुझी आठवण येते गो" हे अख्ख्या मजल्याला कळायचं. आम्ही दारापाशी हसून लोळायचो.

एकदा गावाहून त्याच्याच कॅसेटवर भरलेलं बायकोचं उत्तर आणि एक डबा आला. आम्ही नेहमीसारखे बाहेर. त्याने टेपही जोरातच लावला. तेच गाणं वाजलं, संपलं आणि तिचा आवाज आला, "आधी दाराबाहेर हसणाऱ्या भावोजींना फणसपोळी द्या. मग आपलं बोलू."

टेप बंद झाला. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि फटीतून नुसता डबा बाहेर आला.