झाडावरचे साडू

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत वेडंवाकडं, अडचणीतलं असं एकही झाड नसेल, ज्याची तब्येत माझ्या थोरल्या साडूंना ठाऊक नाही. भोरात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, पण ते केवळ पोटापुरतं. जीव सगळा अवघड झाडं उतरवण्यात. घरावर झुकलेला आंबा, विहिरीवर वाकलेलं उंबर, तारांत अडकलेली बाभूळ, असलं काही कानावर आलं की गिऱ्हाइकाच्या नाकावर नवी फ्रेम तशीच ठेवून हा माणूस विचारतो, "बुंध्याला मुंग्या हायेत का वो?"

हौस असली तरी हयगय नाही. आधी झाडाभोवती फेऱ्या, मग लाकडी हातोडीनं बुंधा ठोकून कान लावणं, मग चहा, मग पुन्हा फेऱ्या. बघ्यांना वाटतं, हे झाडाला मुलगी द्यायला आलेत. ओल्या सालीवर चढायचं नाही, कमरेचे दोन दोर झाडाला बांधल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही आणि खाली कुणी फिरकायचं नाही. वरवे गावात एकदा खुद्द सरपंच फांदीखाली उभे राहून मोबाईलवर बोलत होते, तर साडू वरून ओरडले, "सरपंच, बोलणं आटपा, न्हाईतर मी हितंच जेवायला बसतो!" आणि खरंच डबा वर मागवला.

गेल्या उन्हाळ्यात वादळानं हिर्डोशीला रस्त्याकडेच्या एका म्हातारीच्या घरावर तिचं जांभळाचं झाड कललं. ती शेजारी झोपायला जायची, पण चुलीपाशी दिवसा येऊन बसायचीच. गावकरी ट्रॅक्टर लावून ओढायच्या बेतात होते. "ट्रॅक्टर झाडाला वढंल का झाड ट्रॅक्टरला, ते आधी ठरवा," म्हणत साडूंनी कंबरपट्टा आवळला. आधी म्हातारीला चुलीपासून उठवलं. मग शेजारच्या ऐनाच्या खोडाला फांदीच्या दोराचे वेढे दिले आणि मोकळं टोक माझ्या हाती दिलं. "साडूभाऊ, भार ऐन घेतोय. तुमी फक्त भिऊ नका," म्हणून ते जांभळावर चढले.

मी अर्थातच भ्यालो. पण फांदी कापली जाई, दोरावर हिंदकळे आणि मी सैल सोडी तशी लेकुरवाळ्या बाईसारखी सावकाश अंगणात उतरे. छपरावरची शेवटची फांदी खाली आली तेव्हा म्हातारी म्हणाली, "बया, कौलावरली धूळसुदिक हालली न्हाई!" गावानं टाळ्या वाजवल्या. राहिला नुसता उघडा बुंधा, तोही घराकडे कललेला.

साडूंनी वर बसूनच बुंध्याला हातोडी मारली, कान लावला, पुन्हा मारली. आणि करवत खाली सोडून ते उतरले.

"आतनं पोकळ हाय. हितनं म्होरं मी न्हाई. क्रेन बोलवा."

"एवढं केलंत, आता घाबरला व्हय?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"व्हय," साडू म्हणाले. "घाबरतो म्हणून तर उतरतोय."

म्हातारीला त्यांनी पुन्हा शेजारी पाठवलं आणि आम्ही तिथेच मुक्काम केला. सकाळी कापूरहोळहून क्रेन आली. पट्टा बांधून नुसता ताणला, तोच बुंधा मधोमध कडाडून मोडला. वरचा तुकडा पट्ट्याला लोंबकळत राहिला. घराला खरचटलंही नाही. मोडला तो बरोबर तिथे, जिथे आदल्या दिवशी साडूंच्या कमरेचे दोन्ही दोर बांधलेले होते.

म्हातारीनं जवळ येऊन साडूंच्या तोंडावरून हात फिरवला आणि भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. निघताना त्यांनी मोटारसायकलची किल्ली माझ्यापुढे धरली. "आज तुमी चालवा." मागे बसून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुतर्फा झाडं मागे पडत होती, एरवी त्यांनी प्रत्येकाचं काहीतरी सांगितलं असतं. भोर आलं, त्यांचं दार आलं, मेव्हणी ओट्यावर येऊन "काय झालं?" म्हणून विचारू लागली, मी गाडी बंद केली, तरी तो हात काही सुटेना. मीही मग घाई केली नाही.