चुन्याखालच्या रेघा

नांदेडात माझा फिजिक्सचा क्लास आहे. लोहा, नायगाव, पार इस्लापूरकडूनसुद्धा पोरं येतात, खोल्या करून राहतात, मेसची पातळ वरणं पिऊन अभ्यास करतात. दरवर्षी पहिल्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो: आधी निरीक्षण, मग नोंद, मग मत. पोरं ते लगेच उतरवून घेतात. लिहिताना माझं तोंड फळ्याकडे असतं, हे एक बरं आहे.

क्लासच्या आधी मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावी हायस्कूलवर विज्ञान शिकवायचो. पहिलीच नोकरी, अंगात मस्ती भरपूर. जेवणाची सोय शाळेमागच्या एका घरी लागली होती. त्या घरच्या बाईंना मी मावशी म्हणायचो. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण नजर घारीची. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलेलं माझ्याआधी त्यांना दिसायचं.

त्या वर्षी गावाखालून आवाज येत होते. जमिनीच्या पोटात कुणीतरी गाडगी लोटल्यासारखे. भांडी थरथरायची, कुत्री उठून उभी राहायची. मावशींनी काय केलं, तर उतरंडीच्या सगळ्यात वरच्या मडक्यावर एक पितळी पालथी ठेवली. जमीन हलली की पितळी किणकिणायची आणि मावशी चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर रेघ ओढायच्या. हादरा मोठा असला तर रेघ लांब, बारीक असला तर आखूड. दिवस मावळला की खाली एक टिंब. मी जेवताना त्यावरून त्यांची थट्टा करायचो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं आम्ही याहून वेगळं काही केलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

लोकांनी भिऊन बाजा खळ्यावर नेल्या. घरं सगळी दगडामातीची, वर माळवदाचं मणामणाचं ओझं, त्यामुळे भिणं साहजिक होतं. पण मुलं जागरणानं वर्गात पेंगायला लागली, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला गावासमोर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शाळेच्या पटांगणात नकाशा टांगला. दख्खनचा काळा खडक किती जुना, किती घट्ट, हे समजावून सांगितलं. पुस्तकात ‘स्थिर’ असा शब्द होता. तो मी चारदा उच्चारला. म्हातारी माणसंसुद्धा माझ्याकडे देवळातल्यासारखी बघत होती आणि मला ते आवडत होतं.

एक गोष्ट मात्र मी बोललो नाही. मावशींच्या भिंतीवर अलीकडे रेघा दाट झाल्या होत्या. मी रोज तिथंच पाट मांडून बसत होतो, मला ते दिसलं होतं. पण रेघा खऱ्या मानल्या तर पुस्तक खोटं पडत होतं, आणि पुस्तकाशिवाय माझ्याकडे दुसरं होतं काय? त्याच्याच जोरावर मी गुरुजी होतो.

पुढं महालक्ष्म्या आल्या. घरोघर सारवण, चुना सुरू झाला. मावशींनी सगळं घर पांढरं केलं आणि तेवढी एक भिंत सोडली. त्यांचे मालक वैतागले. देवीला काय कोळशाच्या भिंतीसमोर बसवायचं, म्हणून त्यांनी मलाच साक्षीला घेतलं. मीही त्यांच्या बाजूनं बोललो. मावशी कुंचा हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“गुरुजी, तुम्ही पाहिल्या न्हवं रेघा?”

“पाहिल्या,” मी म्हणालो.

एवढ्यावर त्यांनी कुंचा खाली ठेवला. तो मी उचलला. आपल्या हातानं, बाह्या सारून, हसतखिदळत मी ती भिंत पांढरी केली. मालकांनी शाबासकी दिली आणि त्याच संध्याकाळी आपली बाज खळ्यावरून घरात आणली. गुरुजी म्हणतात म्हटल्यावर काय भ्यायचं, असं त्यांनी शेजाऱ्यालाही सांगितलं. मावशी आणि त्यांची लहान लेक खळ्यावरच राहिल्या.

गणपती बुडाले आणि भूकंप झाला. मी सुट्टी काढून नांदेडला घरी आलो होतो. रेडिओवर गावाचं नाव ऐकलं आणि पहिलं मनात काय यावं? मी काय बोललो होतो, हे आता कुणाकुणाला आठवेल. माणसं नंतर आठवली. हे आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दोन दिवसांनी गेलो. मावशी खळ्यावर बसल्या होत्या, लेक मांडीवर. मालक माळवदाखाली गेले होते. मी लांबूनच पाहिलं, मदतीच्या ट्रकवर पाण्याचे कॅन उतरवत राहिलो आणि त्यांच्याकडे न जाता परतलो. महिन्याभरात राजीनामा पाठवला.

मग शिकवण्यांचे दिवस आले. आधी लातूरला दुसऱ्याच्या क्लासमध्ये, नंतर नांदेडात माझा स्वतःचा. भूकंपाच्या लहरी शिकवताना मी त्या गावचा किस्सा सांगतो. पोरं श्वास रोखून ऐकतात. किश्श्यात पितळी आहे, कुत्री आहेत, चुना नाही. आमची परीक्षाही माझ्यासारख्याच्या सोयीची आहे. चार पर्याय, त्यातला एक छापील बरोबर. उत्तर चुकलं की गुण कापतात, म्हणून मी बजावतो, शंका असेल तर उत्तराचा गोल कोरा सोडून द्या. एका मुलीनं एकदा विचारलं होतं की सर, हे असंच असतं हे पहिल्यांदा कुणी कसं ओळखलं? सिलॅबसमध्ये नाही, बस खाली, असं मी म्हणालो होतो. वर्ग हसला होता.

गेल्या जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत एक म्हातारी ऑफिसात आली. बरोबर नात. मान वर न करता मी मार्कशीट मागितली.

“गुरुजी, वळखलं न्हाई का?”

आवाजावरूनच ओळखलं. मी उठलो, खुर्ची दिली, चहा सांगितला, उगाच पंखा वाढवला. मावशी नातीला सांगत होत्या की हे आपल्या जुन्या गावचे गुरुजी, लई हुशार, यांच्यापाशी शिकलीस की कल्याण होईल. माझे कान तापले. ‘मावशी, माझं चुकलं’ हे वाक्य मी कितीतरी वर्षं घोकलेलं होतं. ते ओठापर्यंत आलं. पण नात समोर होती, दारात इतर पालक होते, आणि मी थांबलो. भित्रेपणा वयानं जात नाही, एवढंच तेव्हा कळलं.

चहा संपवून मावशींनी पदरानं तोंड पुसलं.

“एक इचारायचं व्हतं. त्या रेघा किती व्हत्या वो? मी मोजल्या व्हत्या, पर मालक गेले आन् ध्यानातनं गेलं. नव्या गावात कुणी साहेब आले की इचारत्यात, आधी किती बार हाललं म्हून. मी सांगते, आमच्या गुरुजींपाशी लिवलेलं हाय.”

मी त्यांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

“तुम्ही पाहिल्या म्हणलात, म्हून तर मी चुना लावू दिला. मला वाटलं, वहीत उतरून घेतल्या आसतील.”

“नाही, मावशी,” मी म्हणालो. “मी नुसत्याच पाहिल्या.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग टेबलावरची मार्कशीट त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवली.

“आसू द्या,” त्या म्हणाल्या. “हिला तेवढं लिवून ठिवायला शिकवा.”