भाऊजींचे पितळी बिल्ले

रेवा आणि अर्णव, जगात जी वस्तू पडू शकते ती आज ना उद्या पडणारच, आणि ती पडताना आपण तिथे हजर असलंच पाहिजे, अशा खात्रीने सगळं आयुष्य काढलेला एकच गृहस्थ मला ठाऊक आहे, आणि तो नेमका माझा दीर आहे. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ. तुम्ही त्यांना खाणवाले आजोबा म्हणता, मी भाऊजी म्हणते, आणि मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं आहे ते नातवंडांसाठी लिहिण्यासारखं नाही.

त्यांची सगळी नोकरी इथल्या मँगनीजच्या खाणीत, सुरक्षेच्या कामावर गेली. खाणीत उतरलं की आधी लोखंडी सळईने डोक्यावरचा दगड ठोकून बघायचा असतो. आवाज खणखणीत आला तर छत धड, पोकळ आला तर माणसं मागे घ्यायची. नोकरीतून निवृत्त होताना लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात; भाऊजी ही सवय घेऊन आले. सळईची जागा हातातल्या काठीने घेतली, एवढाच फरक. कुणाच्याही घरी गेले की नमस्कार करण्याआधी ते छत ठोकतात. त्यांच्या भाचीसाठी स्थळ आलं म्हणून आम्ही लांजीला मुलाचं घर बघायला गेलो होतो. पोह्यांच्या ताटल्या हातात आल्या, बोलणी रंगात आली, आणि भाऊजींनी उभं राहून काठीने वर तीनदा ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला वितभर गिलावा सुटला आणि थेट मुलाच्या वडिलांच्या पोह्यांत पडला. मी लाजेने अर्धी झाले. भाऊजी मात्र समाधानाने खाली बसले आणि म्हणाले, "आज पडलं थे बरं झालं. लग्नात आचाऱ्याच्या कढईत पडलं असतं त?" सोयरीक तरीही जमली आणि लग्नाआधी छताची डागडुजीही झाली, त्यामुळे त्यांना या बाबतीत आपलं काही चुकलं असं आजतागायत वाटलेलं नाही.

मी शिस्तीची बाई आहे, हे तुम्ही जाणता. माझ्या घरात चमचे चमच्यांच्या जागी आणि चष्मा चष्म्याच्या जागी असतो. पण शिस्त ही गुपचूप पाळायची गोष्ट आहे, असं मिशनच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं. भाऊजींची शिस्त वाजते. जेवायला आले की आधी गॅसची नळी हुंगतात, मग पान वाढा म्हणतात. लग्नाच्या मांडवात सगळे वधूवरांकडे बघत असतात, हे जनरेटरच्या वायरीकडे बघत उभे. हट्ट्याची बावडी, ती जुनी पायऱ्यांची विहीर, दाखवायला तुम्हाला नेलं, तेव्हा पायऱ्यांच्या तोंडाशीच त्यांनी तुम्हा दोघांना माझ्या शालीने एकमेकांशी आणि स्वतःशी बांधलं. बावडी बघायला आलेली माणसं बावडी सोडून आम्हालाच बघत होती.

असा माणूस आपल्यासोबत जहाजावर येणार आहे हे कळलं, तेव्हा माझं डोकं दुखायला लागलं. रेवा, तू तेव्हा पाच वर्षांची होतीस आणि अर्णव अडीचचा. तुमच्या आईने मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची चार दिवसांची सहल ठरवली होती. बाबांना ऐन वेळी रजा मिळाली नाही, आणि त्यांच्या जागी तुमच्या आजोबांनी मला न विचारता भाऊजींचं नाव घातलं. आम्हा बायकांना आणि तुम्हाला बाल्कनीची खोली, आणि समोरच दोघा भावांना बिनखिडकीची, असा बेत होता. बाल्कनी हा शब्द कानावर पडताच भाऊजींची झोप उडाली. त्यांनी तुमच्या आईकडून फोनवर खोलीचा नकाशा मागवला आणि आमच्या गच्चीवर खडूने ती खोली मापात काढली. पलंग, दार, बाल्कनी, कठडा, सगळं. तीन दिवस संध्याकाळी तुमची तालीम चालली. खडूची रेघ ओलांडायची असेल तर मोठ्याचा हात धरायचा, कठड्याला पोट लावायचं नाही. शेजारच्या बाई विचारत होत्या, नातवंडं नाटकात आहेत का. मी हो म्हणून मोकळी झाले.

गोंदियाला गाडी पकडायला निघालो, तर राजेगावला त्यांनी जीप थांबवली, कारण अर्णवच्या बाजूची काच चार बोटं उघडी होती. मुंबईत जहाजावर पाय ठेवताच काठी वर गेली आणि छत ठोकलं गेलं. गणवेशातला एक मुलगा धावत आला, आणि काय तक्रार आहे म्हणून इंग्रजीत विचारू लागला. मीच त्याची समजूत काढली. खोलीत आल्यावर तर त्यांनी संसारच मांडला. बाल्कनीतल्या दोन्ही खुर्च्या आणि छोटं टेबल आत ओढून आणलं. "खुर्चीवर चढलं का लेकरू हातभर उंच होते, वहिनी. मंग कठडा कामाचा नाही." बाल्कनीच्या दाराची वरची कडी लावली, आणि त्याच दाराला लांजीच्या बाजारातून आणलेली बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली. दार हललं की खोलीत गोठा अवतरायचा. शेवटी त्यांनी पिशवीतून एक फळी काढली. तिच्यावर एका बाजूला 'आत' आणि दुसऱ्या बाजूला 'बाहेर' असं रंगवलेलं, मध्ये खिळे, आणि खिळ्यांना आपल्या चौघांच्या नावांचे पितळी बिल्ले.

हीसुद्धा खाणीचीच रीत. खाली उतरणाऱ्याने आपला बिल्ला फळीवर लावायचा आणि वर आल्यावर काढायचा. फळीवर एक जरी बिल्ला राहिला तरी पाळीचा प्रमुख घरी जात नाही. आता बाल्कनीत जाणाऱ्याने आपला बिल्ला 'बाहेर' लावायचा होता. भाऊजी दर तासाला येऊन फळी तपासायचे. रेवा, तुला तो खेळ इतका आवडला की तू आईलासुद्धा बिल्ल्याशिवाय बाहेर जाऊ देईनास. मला मात्र तो अपमान वाटला. एवढा समुद्र समोर आणि बसायला खुर्ची नाही. शिवाय घंटी वाजली की अर्णव झोपेतून दचकून उठायचा. मी तुमच्या आजोबांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "थो असाच आहे," आणि कूस बदलून झोपले.

आता जे लिहिते ते तुमच्या आईलाही मी आजवर सांगितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती वरच्या मजल्यावर गेली होती. अर्णव पांघरुणात झोपला होता, रेवा जमिनीवर चित्र काढत होती. मी घंटी सोडून कपाटात ठेवली, एक खुर्ची बाल्कनीत नेली आणि चहा घेत पुस्तक वाचत बसले. तीन दिवसांत पहिल्यांदा मला सहलीला आल्यासारखं वाटलं. मग दारावर टकटक झाली. इस्त्रीचे कपडे आले होते. मी आत आले, बाल्कनीचं दार नुसतं ओढलं, वरची कडी लावली नाही, आणि खोलीच्या दारात उभी राहून कपडे मोजून घेऊ लागले. एक ब्लाउज कमी होता. कुठला कमी, ते त्या मुलाला मी नीट समजावून सांगत होते.

तेवढ्यात समोरून भाऊजी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या खांद्यावरून फळीकडे पाहिलं.

"वहिनी, अर्णवचा बिल्ला बाहेर आहे."

मी म्हटलं, तो झोपला आहे. आणि वळून पाहिलं, तर पलंगावर नुसतं पांघरूण होतं.

भाऊजी धावले नाहीत. पुढेही कितीदा आठवून पाहिलं, ते धावले नव्हते. खाणीत धोक्याच्या जागी उभ्या माणसाला हाक मारत नाहीत म्हणे, दचकून पाय सुटतो. अर्णव, तू खुर्चीवर उभा होतास, दोन्ही हात कठड्यावर, आणि एक गुडघा वर घेत होतास. भाऊजी शेजारी गप्पा मारायला आल्यासारखे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "अर्णवबुवा, काय पाहून राह्यले?" तू म्हणालास, पाणी. तोवर त्यांची मूठ तुझ्या चड्डीच्या पट्ट्यावर बसली होती.

रेवा चित्रावरून मान वर करून म्हणाली, "तो गेला, म्हणून मी त्याचा बिल्ला लावला." तुझं काहीच चुकलं नव्हतं, बाळ. नियम सांगितला होता तसाच तू पाळला होतास.

मी पलंगावर बसले. माझ्या हातातले कपडे मी तसेच घट्ट धरून बसले होते. भाऊजींनी अर्णवला माझ्या मांडीवर ठेवलं, खुर्ची आत आणली, कडी लावली, कपाट उघडून घंटी काढली आणि पुन्हा बांधली. ते बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. एखादा शब्द तरी टाकतील, आणि तो मला लागेल, आणि बरं वाटेल. ते फळीसमोर उभे राहून स्वतःशीच म्हणाले, "बिल्ला लाव म्हटलं, पण कोनाले सांग म्हटलंच नाही. नियम माझाच अधुरा व्हता." मग रेवाजवळ बसून त्यांनी तिला नवीन नियम शिकवला. आधी मोठ्याने आजीला हाक मारायची, मग बिल्ला. उरलेल्या सहलीत मी घंटीबद्दल चकार शब्द काढला नाही.

यामुळे भाऊजी सुधारले असं समजू नका. परवाच त्यांनी आमच्या नव्या पंख्याला काठी लावून तो बंद पाडला. मी बोलायचं ते बोलले, त्यांनी ऐकायचं ते ऐकलं नाही. तुम्ही परदेशी गेल्यापासून ती फळी त्यांच्या घरी दारामागे उंच टांगलेली आहे. आईचा आणि माझा बिल्ला, मोठी माणसं म्हणून, कधीचा काढून ठेवला आहे. तुम्हा दोघांचे तेवढे 'बाहेर'च्या खिळ्यांवर आहेत. मागच्या महिन्यात गेले तेव्हा त्यांच्यावर धूळ दिसली. मला असलं बघवत नाही. पदराने पुसून मी ते सरळ 'आत' लावायला निघाले.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "ज्याचा त्यानं येऊन लावायचा असते."

मी ते पुन्हा होते तिथेच लावले. रेवा, तुझा हात आता त्या खिळ्याला पुरेल. अर्णवला अजून खुर्ची लागेल. ती मी धरीन.