एसी बंद करून गायलेल्या ओव्या

शालूताई गेल्याचं कळलं तेव्हा मी दोह्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. फोनवर त्यांचे यजमान वसंतदादा इतकंच म्हणाले, "मीना, झोपेतच गेली गं ती..." बाहेर ऊन रणरणत होतं, मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि मला गाडी सुरू करायचं सुचत नव्हतं.

आमची ओळख इथल्याच, कतारमधल्या दुखान गावची. माझा नवरा आणि वसंतदादा तेलकंपनीत एकत्र होते, कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. लग्न होऊन नुकती आलेली मी दिवसभर घरात कंटाळून जायची. एका शुक्रवारी सकाळी भिंतीपलीकडून जात्यावरची ओवी ऐकू आली आणि मी अनवाणीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. शालूताई मिरजेजवळच्या खेड्यातल्या. ओव्या त्यांच्या आईच्या. आई थकत चालली होती, म्हणून आठवतील तेवढ्या कॅसेटवर उतरवून ठेवायच्या असं नवराबायकोनं ठरवलं होतं. सुट्टीच्या दिवशी बेडरूमच्या खिडकीला जाड ब्लँकेट लावायचं, घरघर टेपमध्ये येते म्हणून एसी बंद करायचा, आणि घामाच्या धारा लागेपर्यंत गायचं. दादा एकतारी छेडत पहिली ओळ म्हणायचे, दुसरी ताईंची. मला कोपऱ्यात बसायची परवानगी होती... बांगड्या काढून!

पुढे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांतून दोघांचं नाव झालं. दादांचा सूर मात्र मधेच घसरायचा. पुण्याहून आलेल्या एका संगीतकारानं ताईंना एकटीनं गायला बोलावलं. "मिस्टरांचं जरा... कच्चं आहे," तो अवघडून म्हणाला. ताई हसल्या. "ह्यांचा सूर जिथं सुटतो, तिथनंच मी उचलते वो. हे नसले तर मी सुरू कुठनं करू?" विषय तिथंच खलास.

गेल्या वर्षी ताईंना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, पण बोलणं गेलं. सगळं समजायचं, शब्द मात्र ओठांवर यायचा नाही; चिडून त्या उशी भिरकावून द्यायच्या. एके दुपारी मी बसले असताना दादांनी त्यांच्या करमणुकीसाठी जुनी कॅसेट लावली. टेपवर दादांची ओळ संपली आणि पलंगावरून ताईंचा आवाज आला... अख्खी ओळ, एकही शब्द न चुकता. दादांनी तडक डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं.

मग दादांनी घरातलं सगळंच ओवीच्या चालीवर आणलं. "तहान लागली का गं, बाई माझ्या सखीला," ते गायचे. त्याच चालीत ताईंचं "पाणी द्या हो" यायचं. कितीतरी महिने त्या घरात दोन माणसं अशी बोलत होती. भांडत होती सुद्धा. एकदा ताईंनी "आमटीत मीठ फार" हे इतकं आळवून म्हटलं की आम्ही तिघं पोट धरून हसलो. वाटलं होतं, असंच हळूहळू साधं बोलणंही परत येईल. दुसऱ्या झटक्यानं तेवढी सवड दिली नाही.

दादा त्यांना अखेरचं मिरजेला घेऊन गेले, दिवसकार्य उरकून कतारला परतले. लेक केतकी कॅनडाहून येऊन सोबत राहिली आहे. परवा भेटायला गेले. कॅसेटी टेबलावर होत्या. "लावू का एखादी?" मी विचारलं. दादा नको म्हणाले. थोड्या वेळानं आपणच एकतारी घेऊन त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. पुढची ओळ केतकीला येते. तिनं श्वास घेतला, तेवढ्यात दादांनी हलकेच हात वर करून तिला थांबवलं. ती ओळ जाईल एवढा वेळ एकतारी नुसती वाजत राहिली... मग त्यांनी तिसरी ओळ धरली.