मशीनच्या पोटातली दुपार

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरठीच्या माझ्या दुकानात कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसलो होतो. हातमागाच्या खोलीतून त्यानं वहिनींना हाक दिली होती, "चहा टाक, येऊन राहिलो." चहा झाला, निवला... वहिनी बघायला गेल्या, तर तो दारातच पडलेला. चारचा चहा कधी चुकवला नाही या माणसानं.

आमची मैत्री शाळेपासूनची. मोहाडीला त्यांचा पिढीजात माग, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्यांचा. पदराची नक्षी मनोहर संगणकावर काढायचा, तीही गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास, नव्व्याण्णवच्या आसपास घेतलेल्या प्रोग्रामवर. नव्या लॅपटॉपवर तो प्रोग्राम चालेचना. मी म्हटलं, यातच एक खोटा संगणक उभा करू, व्हर्च्युअल मशीन, आणि त्यात जुनं विंडोज टाकू. "म्हणजे मशीनच्या पोटात मशीन? कायले डोकं फिरवून राहिला बे," मनोहर म्हणाला. इन्स्टॉल सुरू झालं आणि डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल अशी सूचना दिसताच त्यानं माझं मनगटच धरलं. ती डिस्कही खोटीच, पोटातली, हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी तो जुना हिरवट पडदा उजळला. मनोहर पडद्याजवळ झुकला आणि हळूच म्हणाला, "हे तं मेलं होतं ना?" मी हसलो. आता तेच आठवून अंगावर काटा येतो.

विणकर माग रिकामा ठेवत नाहीत. जुन्या ताण्याच्या, उभ्या धाग्यांच्या टोकांनाच नवे धागे सांधतात. मनोहरनं तीच सवय या मशीनला लावली. ते त्यानं कधी बंद केलं नाही. उठताना होतं तिथंच गोठवून ठेवायचा. मी चिडवायचो. "माग सुना नोको पडू देऊ," एवढंच त्याचं उत्तर.

तेरवीनंतर वहिनींनी बोलावलं. लेकीच्या लग्नाच्या साडीचा पदर त्या मशीनमध्ये अडकला होता. मी ते सुरू केलं. आतलं घड्याळ मी बाहेरच्या घड्याळाशी बांधलेलं नव्हतं. थांबतं तिथूनच पुढे चालतं. कोपऱ्यात तो गेला तीच तारीख होती, तीच दुपार, चारला थोडा अवकाश. नक्षीतल्या मोराच्या मानेवर बाण तसाच उभा. मी पेन ड्राइव्ह शोधायला उठलो, तेवढ्यात पडदा काळा झाला आणि त्यावरून अक्षरं सरकू लागली... "हात नोका लावू. येऊन राहिलो." पोरांनी खोड्या करू नयेत म्हणून त्यानं कधीतरी स्क्रीनसेव्हरवर लावून ठेवलेलं ते वाक्य. मागे वहिनी उभ्या होत्या.

"आत किती वाजले, भाऊजी?"

मी माऊस हलवला. "चार व्हायचेत."

"मंग अजून आहेत ते." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "थांबवा. चार नोका वाजू देऊ."

नक्षी काढून घ्यायला वेळ लागला असता. मी पडद्याचा मोबाइलवर फोटो घेतला आणि मशीन होतं तिथं गोठवलं. लेकीनं त्या फोटोवरून नक्षीच्या चौकोनांचं घर न् घर मोजत पदर पुन्हा काढला, आणि तीच साडी नेसून ती बोहल्यावर उभी राहिली.

लॅपटॉप मागाशेजारीच आहे, कापड घातलेला. गिऱ्हाइकांना मी रोज सांगतो, मशीन नीट बंद करत जा. याला मात्र कुणी हात लावत नाही. वहिनी चारला चहा टाकतात, एक कप जास्तीचा. मशीनच्या पोटात मात्र चार वाजायचेत, चहा अजून टाकायचा आहे.