आईने ऐकलेला आवाज
पुढे कापसाचा ट्रॅक्टर असला आणि सरकीचा वास गाडीत शिरला, की धुळ्याहून अमळनेरला परततानाचा तो दिवस मला आठवतो. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती काळा चष्मा लावून मागच्या सीटवर बसली होती आणि गाडीखालून मधूनच खर्र असा आवाज येत होता. पारोळ्याच्या गॅरेजवाल्या चाचांनी गाडीखाली झोपून सगळं हलवून पाहिलं. म्हणाले, "काही नाही, खडा अडकला असेल. जा बिनधास्त." मी निघणार तोच आई बोलली, "भाऊ, गाडी डावीकडे वळस तवयच वाजस. चाक वळाईसन देखा." मी ओशाळलो. पण चाचांनी मला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवायला लावलं आणि पुन्हा खाली वाकले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ब्रेकचा रबरी पाइप जागेवरून सुटून टायरला घासत होता, फुटायचाच काय तो बाकी होता. नवा पाइप बसवताना त्यांनी विचारलं, "अक्का, तुम्हाला कसं कळलं?" आई म्हणाली, "वीस वरीस जिनमा काम करं. मशीनना आवाज बदलना, का हात मांगे लेवाना." ती जिनिंग कारखान्यात मशीनमध्ये हाताने कापूस सारायची एवढंच मला ठाऊक होतं. मांडीवरच्या तिच्या हातांकडे मी पाहिलं. दहाही बोटं शाबूत होती. त्याच हातचं खाऊन मी मोठा झालो, आणि ती बोटं तिने कशी राखली हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं, याची आज साठीतही लाज वाटते.